एकतीस वर्षं जिन्याखाली

आधार बैसाण्यांच्या आधी त्यांच्या आईची तीन मुलं गेली होती. चौथ्याचं नाव तिनं आधार ठेवलं, म्हणजे हा तरी टिकेल. तो टिकला. पन्नास वर्षं त्या नावानं कुणाचं काही अडलं नाही. मग सरकारनं त्याच नावाचं कार्ड काढलं आणि तेव्हापासून धुळ्यातल्या कोणत्याही खिडकीसमोर उभं राहिलं की पुढचं बोलणं ठरलेलं. "नाव?" "आधार." "आधार नंतर द्या, आधी नाव सांगा." सगळे त्यांना नाना म्हणत, आणि हा किस्सा नाना स्वतःच सगळ्यांना सांगत. दुसऱ्यानं हसायच्या आधी आपणच आपल्याला हसून घेतलं की माणूस मोकळा होतो, असं त्यांचं मत होतं. फक्त एका गोष्टीवर ते कधी हसत नसत, आणि सांगायची आहे ती तीच गोष्ट.

नाना वीज मंडळात होते. पहिली तीन वर्षं हेल्पर, पुढची एकतीस वर्षं मीटर रीडर. जुन्या शहरातल्या गल्ल्या त्यांच्याकडे होत्या. धुळ्यात या गल्ल्यांना नावापेक्षा नंबरच जास्त चालतो. गल्ली नंबर एक ते सात अशा त्या आग्रा रोडला धरून एकीशेजारी एक सरळ आखलेल्या आहेत. ठरलेल्या तारखेला ठरलेली गल्ली घ्यायची, दारातून "मीटर" अशी हाक मारायची, जिन्याखाली वाकायचं, टॉर्च मारायचा, आकडा टिपायचा आणि पुढचं दार गाठायचं. कुठल्या घरात कुत्रा आहे, कुठल्या मीटरवर पाल बसते, कुठल्या बोळात सासू-सुना भांडत असल्या तर थोडं थांबून आत शिरायचं, हे त्यांना पाठ होतं. मग मोबाइलवर मीटरचा फोटो काढणारी पोरं आली आणि नाना अठ्ठावन्नाव्या वर्षी हार-नारळ घेऊन देवपुरातल्या आपल्या घरी बसले.

बसून पाच वर्षं झाली तेव्हा साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज पाच किलोमीटर चाला. पहिले तीन दिवस नाना घराजवळच्या मैदानाला फेऱ्या मारत राहिले. तिथे सगळे निवृत्त लोक एकाच दिशेनं फिरत होते आणि एकमेकांना आपापल्या गोळ्यांची नावं सांगत होते. चौथ्या दिवशी नाना घरून निघाले ते विचारात. भानावर आले तेव्हा लहान पूल मागे पडला होता, पांझरा ओलांडली होती आणि ते गल्ली नंबर चारमध्ये एका दारात उभे होते. आतली बाई त्यांना पाहून घाईघाईनं मीटरपुढची सायकल बाजूला करत होती.

"मधी ती मोबाइलवाली पोरं यायची," बाई म्हणाली. "आता परत तुम्ही का?"

मी रिटायर झालो, एवढंच म्हणायचं होतं. पण बाईनं सायकल हलवली होती. तिची मेहनत वाया जाऊ नये म्हणून नाना वाकले, आकडा वाचला आणि खिशातल्या कागदावर लिहूनही घेतला. तो कागद डॉक्टरांची चिठ्ठी होता. परतताना औषधवाल्यानं चिठ्ठी बराच वेळ उलटसुलट केली आणि विचारलं, "नाना, ही सतरा हजार चारशे बारा कुठली गोळी?"

ही गोष्ट त्यांनी घरी बायकोला, द्रौपदाबाईंना, रंगवून सांगितली. द्रौपदाबाईंनी ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, "मग गोळी मिळाली का?"

त्या दिवसापासून मैदान सुटलं. नाना रोज सकाळी जुन्या शहरात चालायला लागले. चालता चालता त्यांना वाटायला लागलं की धुळं जर कुणाला खरोखर माहीत असेल तर ते आपल्यालाच. लोकांना आपली गल्ली माहीत असते, आपल्याला सातही माहीत आहेत. हा विचार त्यांनी मनातच ठेवला असता तर बरं झालं असतं. पण ते तो संघमित्राजवळ बोलून बसले.

संघमित्रा त्यांची मुलगी, धुळ्यातल्याच एका कॉलेजात शिकवते. तिच्या ओळखीनं मयुरी नावाची एक मुलगी आली होती. मयुरी रावेरकडची, केळीवाल्या घरातली, नाशिकला आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला. जुन्या धुळ्यातली घरं मोजून, त्यांची चित्रं काढून तिला प्रबंध लिहायचा होता. दोन दिवस ती टेप आणि वही घेऊन एकटीच हिंडली. लोक तिला दारातूनच परत लावत. कुणाला ती पाणीपट्टीवाली वाटली, कुणाला बिल्डरची माणूस वाटली. एका आजीनं तर तिला पोलिओचे थेंब पाजणारी समजून घरात लहान मूल नसल्याचं हात जोडून सांगितलं.

"माझे पप्पा त्या प्रत्येक घरात जाऊन आलेत," संघमित्रा तिला म्हणाली. "एकदा नाही, दर महिन्याला."

हे वाक्य नानांच्या समोरच बोललं गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शर्टाला इस्त्री केली. द्रौपदाबाईंनी विचारलं, "कुणाचं लग्न आहे?"

पहिल्या दारापाशी नाना थांबले, घसा साफ केला आणि म्हणाले, "हे घर सिंगल फेज. मीटर डाव्या हाताला. भिंतीला ओल येते, पावसाळ्यात आकडा दिसत नाही."

मयुरीनं लिहून घेतलं. मग विचारलं, "नाना, घर साधारण कधीचं असेल?"

"जुनं आहे."

"आणि वर किती खोल्या आहेत?"

नानांनी वर पाहिलं. वर सज्जा होता. सज्जाला कोरीव लाकडी टेकू होते, प्रत्येक टेकूवर एकेक पोपट होता आणि पोपटांच्या चोचीत लाकडाचीच मिरची होती. या दारात नाना तीनशेच्या वर वेळा उभे राहिले होते, आणि दर वेळी मान खाली होती. तो पोपट त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

"सहा," ते म्हणाले.

पुढच्या घरीही सहाच म्हणाले. तिसऱ्या घरी संशय नको म्हणून आठ सांगितल्या. मयुरी भरभर लिहीत होती आणि तिला लिहिताना पाहून नानांच्या जिभेला बळ येत होतं. नुसते खोल्यांचे आकडे देऊन भागेना, म्हणून त्यांनी एक सरदार आणला. सरदाराला नाव दिलं नाही, तेवढी शुद्ध होती. गल्ली नंबर दोनच्या एका भिंतीत जाडजूड लोखंडी कडी होती. तिच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "इथे सरदाराचा घोडा बांधत." मयुरीनं कडीचा फोटो काढला, शेजारी टेप धरून पुन्हा काढला. दुपार होईपर्यंत गल्ली नंबर दोनमध्ये एक चकमक झाली होती, तीनमध्ये तह झाला होता आणि नानांना स्वतःलाच पुढे काय होतं याची उत्सुकता लागली होती.

चार नंबरमध्ये एका अरुंद घरापुढे ते उभे राहिले. सज्जा नक्षीदार होता. नानांनी हात उंचावला. "हा सज्जा दोनशे वर्षांचा. सरदाराच्या घरच्या बायका इथे बसून मिरवणूक पाहत."

"कोन्हा सरदार?" वरून आवाज आला.

सज्जात एक म्हातारी बाई मेथी निवडत बसली होती. केस पांढरे शुभ्र, चष्म्याची दोरी गळ्यात. तिनं खाली वाकून पाहिलं.

"मना सासरा शिंपी व्हता," ती म्हणाली. "हाऊ सज्जा त्यानी सत्तावन सालमा बांधेल शे. सरदार कथाईन ऊना?"

सरदार कुठून आला, हे नानांनाही ठाऊक नव्हतं. बाईनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "तू मीटरवाला भाऊ ना?"

"हो, अक्का."

"मंग तो सरदार तुले जिनाखाल भेटना व्हता का?"

मयुरी हसायला लागली. नानाही हसले, कारण आपल्यावर आपणच आधी हसायचा त्यांचा नियम होता, पण या वेळी त्यांना उशीर झाला होता. बाईंचं नाव पुष्पाबाई. त्यांनी दोघांना वर बोलावलं, चहा ठेवते म्हणाल्या. मयुरी दोन-दोन पायऱ्या एकदम चढत वर गेली.

"मी इथेच बरा आहे," नाना म्हणाले आणि जिन्याखाली मीटरपाशी थांबले.

हीच ती गोष्ट, जिच्यावर नाना हसत नसत. १९८७ साली, रीडिंगच्या पहिल्याच महिन्यात, गल्ली नंबर तीनमधल्या एका घरात एका म्हाताऱ्यानं त्यांना विचारलं होतं, "नवीन का? आडनाव काय?" नानांनी सांगितलं. म्हातारा आत गेला. थोड्या वेळानं चहा आला, पण हातात नाही. दारालगतच्या कोनाड्यात कप ठेवला गेला आणि तिकडे नुसती मान हलवली गेली. नाना तेव्हा सत्तावीस वर्षांचे. ऊन होतं, घसा सुकला होता. ते प्यायले. पुढच्या महिन्यात गेले तर तोच कान तुटलेला कप त्याच कोनाड्यात उपडा होता आणि त्यावर महिन्याची धूळ होती. घरात दुसऱ्या कुणी त्याला हात लावला नव्हता. तो त्यांच्यासाठी वेगळा काढलेला होता. नानांनी आकडा टिपला, चहा नको म्हणाले आणि बाहेर पडून ठरवलं: या गल्ल्यांमध्ये पाण्याचा थेंब घ्यायचा नाही आणि मीटरच्या पुढे पाऊल टाकायचं नाही.

सत्तावीस वर्षांच्या माणसानं त्या दिवशी दुसरं काय ठरवावं? पण नानांनी तो नियम एका घरापुरता ठेवला नाही, सात गल्ल्यांना लावला, आणि पुढे तर त्याचा त्यांना अभिमान वाटू लागला. खांद्याला पाण्याची हिरवी बाटली अडकवून ते हिंडत. एकदा मे महिन्यात बाटली संपली आणि पाच नंबरमध्ये डोळ्यांपुढे अंधारी येऊन ते एका पायरीवर बसले. आतून बाई तांब्या घेऊन धावत आली. त्या परिस्थितीतही नाना म्हणाले, "पाणी नको, मी आकडे जुळवतोय."

जिन्याखाली ते पाऊण तास उभे होते. आता मीटर नवं होतं, लाल दिवा लुकलुकत होता. वरून हसणं ऐकू येत होतं, कपबश्यांचा आवाज येत होता. मधूनच मयुरी ओरडली, "नाना, या ना, इथल्या रंगीत काचा बघा." "तू बघ," नाना म्हणाले आणि दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजत राहिले.

संध्याकाळी मयुरीनं मोबाइलवर फोटो पाठवले. द्रौपदाबाईंनी चष्मा लावून एकेक फोटो पाहिला. वरच्या खोलीतल्या लाल-हिरव्या काचा, भिंतीत बसवलेलं शिसवी कपाट, कड्यांचा झोपाळा, आणि झोपाळ्यावर बसून चहा पिणारी मयुरी.

"हे घर तुमच्याकडे होतं?"

"होतं."

"आणि तुम्ही हे पाहिलं नाही?"

नानांनी कपाची गोष्ट पुन्हा सांगितली. द्रौपदाबाईंना ती लग्नापासून माहीत होती.

"तो कप कुठल्या गल्लीत होता?"

"तीन नंबर."

"आणि ही बाई?"

"चार नंबर."

"मग?" द्रौपदाबाई म्हणाल्या.

नाना म्हणाले, ते तुला कळायचं नाही. द्रौपदाबाईंनी मोबाइल खाली ठेवला. "मला चांगलं कळतं. माझ्या आईला विहिरीवर थांबावं लागायचं, कुणीतरी येऊन वरून पाणी ओतेपर्यंत. मीही थांबलेय तिच्यासोबत. पण मी जिथे बोलावतात तिथे जाते, नाही बोलावत तिथे जात नाही. तुम्ही कुठेच जात नाही. सगळ्यांना एकाच कपात मोजता." एवढं बोलून त्या भाकरी टाकायला उठल्या. नाना बराच वेळ तो झोपाळ्याचा फोटो बोटांनी मोठा करून पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते मयुरीला न घेता एकटेच गेले. खालून हाक मारली, "अक्का, वर येऊ का?"

"ये ना रे भो. जिना जपीसन चढजो."

जिना जवळजवळ उभाच होता, कठड्याऐवजी छताला बांधलेला दोर. एकतीस वर्षं ज्या जिन्याखाली वाकून नाना उभे राहिले, त्याला पायऱ्या किती हे त्यांना माहीत नव्हतं. तेरा निघाल्या. सातवीवर गुडघा दुखला. बाराव्या पायरीवर वर येऊन पोचल्याच्या आनंदात त्यांनी मान ताठ केली आणि तुळई कपाळावर बसली. इतक्या जोरात, की स्वयंपाकघरातून पुष्पाबाई म्हणाल्या, "लागनी ना? बठ्ठास्ले लागस. बस."

सगळ्यांनाच लागतं म्हटल्यावर नाना झोपाळ्यावर कपाळ चोळत बसले. चहा आला. काचेच्या ग्लासात, हातात. नानांनी तो घेतला आणि पहिला घोट घेतल्यावर त्यांना काही विशेष वाटेना. साखर फार होती. इतकी वर्षं ज्या चहाला नाही म्हटलं तो असा पाकासारखा असेल, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"मी तुले चौर्‍याण्णव सालमा बलायेल व्हतं," पुष्पाबाई म्हणाल्या. "याद शे का?"

नानांना आठवेना. पुष्पाबाईंना सगळं आठवत होतं. त्यांचे यजमान सुरतला कामाला होते. वरच्या खोलीत बटण दाबलं की ठिणग्या उडत आणि जळका वास येई. घरात दोन लहान मुली. मीटरवाला आला तेव्हा त्यांनी जिन्यातून विनवलं, भाऊ, जरा वर येऊन बघ, चहाही ठेवलाय. मीटरवाल्यानं वर न पाहता सांगितलं, "मी या गल्लीत काही घेत नाही. तक्रार लेखी द्या."

"मी काय तुले इस खवाडत व्हतू?" पुष्पाबाई म्हणाल्या. म्हणजे, मी काय तुला विष खाऊ घालत होते?

मग तुम्ही काय केलंत, असं नानांनी हळूच विचारलं.

काय करणार? त्यांनी चपला घातल्या, पाच कंदिलाजवळच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात गेल्या आणि दुकानदाराला म्हणाल्या, मला शिकव. लाकडी स्टुलावर उभं राहून, हाताला रबरी मोजा घालून त्यांनी स्वतः बटण बदललं. पुढे फ्यूज बांधायला शिकल्या. मग शेजारणीचा फ्यूज गेला, तोही त्यांनीच बांधला. पुढची वीस वर्षं गल्ली नंबर चारमध्ये कुणाकडे अंधार झाला की पुष्पाबाईंना हाक जाई. आणि दर फ्यूजबरोबर त्या ही गोष्ट सांगत: तो मीटरवाला फार ताठ, माणसाकडे मान वर करून बघत नाही. म्हणजे नाना ज्या गल्लीला ताठ समजत होते, ती गल्ली नानांना ताठ समजत होती.

नानांनी ग्लास खाली ठेवला आणि कपाची गोष्ट सांगितली. पुष्पाबाई ऐकत राहिल्या. घर कुठलं ते त्यांनी विचारलं नाही, कोनाडा म्हटल्यावरच त्यांना कळलं असावं.

"मी खोटं नही सांगस," शेवटी त्या म्हणाल्या. "या गल्लीसमा तसा लोके व्हतात. आजबी शेत. मना सासराबी काही देवमाणूस नव्हता. पन भाऊ, मी तुले वर बलायेल व्हतं."

"हो, अक्का," नाना म्हणाले. "तुम्ही बोलावलं होतं."

पुष्पाबाईंनी न विचारता ग्लासात आणखी चहा ओतला आणि नानांनी साखरेचा विषय काढला नाही.

मग त्यांनी नानांना धाब्यावर नेलं. वर मातीचं सपाट छत, एका कोपऱ्यात वाळत घातलेल्या बिबड्या नि कुरडया. कठड्यापाशी जाऊन नानांनी पाहिलं तर सगळ्या गल्ल्या शेजारी शेजारी आखलेल्या दिसत होत्या, वहीतल्या रेघांसारख्या. एकीकडे पांझरेचं पात्र, दुसरीकडे दक्षिणेला लळिंगचा किल्ला, उन्हात फिका पडलेला. एकतीस वर्षं ज्याच्यासाठी चपलांचे कोण जाणे किती जोड झिजवले ते सगळं क्षेत्र एका नजरेत मावत होतं, आणि मध्ये एक कबुतर बसलं होतं. नानांना हसू आलं. पुष्पाबाईंनी विचारलं काय झालं. ते म्हणाले, "काही नाही, मला वाटायचं हे फार मोठं आहे."

आता राहिला होता सरदार. मयुरीला खरं सांगायला नाना दोन दिवस शब्द जुळवत होते. शेवटी बस स्टँडवर तिला नाशिकच्या गाडीत बसवताना खिडकीतून म्हणाले, "ते घोड्याचं काही खरं नाही."

"मला माहीत आहे नाना," मयुरी म्हणाली. "पुष्पाआजींनी त्याच दिवशी सांगितलं. मी ती पानं काढून टाकली. फक्त एक घोळ झालाय. कडीचा फोटो मी सरांना आधीच पाठवला होता आणि त्यांना तो फारच आवडलाय. कडी कुठल्या काळातली ते विचारतायत."

नानांनी खिडकीचा गज धरला. "त्यांना सांग, १९८५," ते म्हणाले. "खांबावरची वायर ताणायला लावली होती. मी हेल्पर होतो. ती मीच ठोकली."

बस सुटली तरी मयुरीचं हसणं थांबलं नव्हतं.

जानेवारीत ती आपल्या वर्गातल्या चौदा जणांना घेऊन आली. सगळ्यांना गल्ल्या पायी दाखवायच्या होत्या आणि दाखवणारे नाना. या वेळी त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "मला जमिनीपासून चार फुटांपर्यंतचं धुळं माहीत आहे. त्याच्या वरचं ज्याचं त्याला विचारू." आणि खरोखरच ते प्रत्येक दारात थांबून घरच्या माणसाला हाक मारत राहिले. मीटरवाले नाना वर यायचं का विचारतायत, याचं लोकांना इतकं आश्चर्य वाटलं की निम्म्या घरांनी त्या गोंधळातच हो म्हटलं. पोपटांच्या घरात वर खोल्या दोनच निघाल्या. पोपटांच्या चोचीत मिरची का, हे घरच्यांनाही माहीत नव्हतं. सुताराला बहुधा मिरची चांगली काढता येत असावी, असं घरच्या सुनेचं मत पडलं. एका विद्यार्थ्यानं ते लिहून घेतलं.

तीन नंबरमध्ये त्या घरापुढे नाना थांबले. दाराला कुलूप होतं. घरचे लोक कधीचेच पुण्याला गेले होते. नानांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, या दारालगत आत एक कोनाडा आहे, त्यात मला एकदा वेगळ्या कपात चहा दिला होता, आडनाव विचारून. आवाज न चढवता, सज्जा सत्तावन्न सालचा आहे म्हणून सांगावं तसं सांगितलं. एक मुलगी दाराच्या फटीला डोळा लावून आत पाहू लागली. "दिसतोय," ती म्हणाली आणि तिनं कोनाड्याचं माप अंदाजानं वहीत लिहिलं. द्रौपदाबाई त्या दिवशी सोबत आल्या होत्या. त्यांनी नानांच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली आणि त्या पुढे चालू लागल्या.

मयुरीचा प्रबंध झाला. त्यात नानांचं नाव छापलं गेलं, 'आधार' एवढंच. आडनाव टाइप करताना राहिलं. संघमित्राला वाईट वाटलं. नाना म्हणाले, बरं झालं, वाचणाऱ्याला वाटेल कशाचा तरी पुरावा जोडलाय.

त्यानंतर चालणं थांबलं नाही. रविवारी कधी दोन, कधी पाच लोक येतात. एकदा एक गृहस्थ पूर्ण दोन तास मन लावून सोबत फिरले आणि शेवटी त्यांनी पिशवीतून वाढीव बिल काढून दाखवलं. पण बाकीचे दिवस नाना एकटेच फिरतात. आता त्यांचा दुसरा नियम आहे: रोज एका तरी अशा दारात विचारायचं जिथे वर गेलेलो नाही.

मागच्या महिन्यात सहा नंबरमध्ये त्यांनी तोतारामभाऊंना विचारलं. तोतारामभाऊ शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले, एकटेच राहतात. ओट्यावर बसून पेपर वाचत होते.

"वर काय काम?" ते म्हणाले.

"काम काही नाही. घर पाहायचं होतं."

"पाहण्यासारखं काही नाही."

"बरं," म्हणून नाना पुढे निघाले. दहा-बारा पावलं गेले असतील.

"ओ बैसाणे," मागून हाक आली. "आज पसारा पडलाय. मंगळवारी या."

मंगळवारी नाना गेले. जिना साधा सिमेंटचा होता. वर एक पत्र्याची खोली, प्लास्टिकची टाकी, आणि दोरीनं बांधून ठेवलेले जुन्या पेपरचे गठ्ठे. नक्षी नाही, काचा नाहीत. शेजारच्या तीन मजली इमारतीमुळे किल्लाही दिसत नव्हता.

"म्हटलं होतं ना," तोतारामभाऊ ओशाळून म्हणाले.

"म्हटलं होतं," नाना म्हणाले.

पण तोतारामभाऊंनी पत्र्याच्या सावलीत दोन खुर्च्या पुसून मांडल्या होत्या, मध्ये ताटलीत भाजलेल्या शेंगा होत्या. नाना बसले. दोघं तासभर शेंगा सोलत बसले आणि टरफलं पेपरवर गोळा होत राहिली.